दोनदा आलेला मेसेज

निवृत्त झाल्यावर फोन वाजत नाही म्हणून माणसं हळहळतात. मी निवृत्त झाले त्या दिवशी घरी आले, चहा घेतला आणि माझ्या जुन्या नंबराचं सिमकार्ड कात्रीनं कापून टाकलं. नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "काही नाही, केराची टोपली पुढं करा." त्या नंबरावर आमच्या अभ्यासकेंद्राचा अर्धा कारभार कित्येक वर्षं चालला होता. तो का बंद केला हे मी त्यांनाही पुरतं सांगितलेलं नाही. या अंकासाठी माझ्याकडं नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमती आहेत, पण तेवढ्यासाठीच कुणी वाचणार असेल तर त्यानं मधेच पान उलटलेलं बरं.

आमचं केंद्र म्हणजे क्रांती चौकाच्या अंगाला असलेल्या एका कॉलेजच्या जिन्याखालची खोली. दूरशिक्षणाचे प्रवेश, पुस्तकं, परीक्षेचे अर्ज, निकाल, सगळं तिथूनच. वरून मुलं धडाधडा जिना चढायची आणि खाली आमच्या टेबलांवर चुन्याची पूड पडायची. एक संगणक, फक्त माझं ऐकणारा एक प्रिंटर आणि कुणाचंच न ऐकणारे एक केंद्रप्रमुख सर. शहराचं नाव बदललं तेव्हा लेटरहेड नवं आलं, रबरी शिक्का मात्र बरेच दिवस जुनाच होता. मी तिथली मुख्य लिपिक. आमच्या घरात कारकुनी तीन पिढ्यांची. आजोबा निजामाच्या काळात उर्दूत नोंदी करायचे, वडील तहसिलीत होते. कागद हातात आला की त्यातली खोट मला आधी दिसते, असं मी लोकांना ऐकवत असे. ऐकवताना मला बरंही वाटायचं.

आमच्याकडं येणारी माणसं बहुतेक करून पदवी अर्ध्यावर सोडलेली. दारात आली की आधी इकडंतिकडं बघायची, रोगाचं नाव न सांगता औषध मागायला आल्यासारखी. मग हळूच कारण निघायचं. लग्न झालं. वडील गेले. कंपनीत लागलो. आणि सगळ्यात जास्त वेळा, "मॅडम, इंग्रजी राहिलं व्हतं." वीस वर्षांपूर्वी राहिलेलं इंग्रजी माणूस मणक्याच्या दुखण्यासारखं वागवत असतो. चारचौघांत बोलत नाही, पण उठताबसता कळ येतेच.

त्यांना मी जे सांगायची ते इथंही सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही. पदवी मिळवायला ठरावीक क्रेडिट लागतात. क्रेडिट म्हणजे शिकण्याचं माप. अमुक तास शिकलात, परीक्षा पास झालात, की इतकी क्रेडिट. पूर्वी ती सगळी एकाच कॉलेजच्या बाकावर बसून मिळवावी लागत. आता तसं नाही. पूर्वी पास झालेली वर्षं धरतात. मुक्त शिक्षणातले पेपर धरतात. सरकारी पोर्टलवरचे ऑनलाइन अभ्यासक्रमही काही वाट्यापर्यंत धरतात, फक्त ते मंजूर यादीतले हवेत. हे अभ्यासक्रम शिकायला फुकट. फी लागते ती परीक्षेची, आणि परीक्षा मात्र घरी बसून नाही, शहरातल्या केंद्रावर जाऊन, संगणकासमोर, ओळखपत्र दाखवून. गरिबाला पदवी परवडेल असा याहून सोपा रस्ता मी तरी पाहिला नाही. फक्त या रस्त्यावर पाट्या कमी आहेत. त्या वाचून दाखवणं हे माझं काम होतं.

एकदा एक सुरक्षारक्षक गणवेशातच आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्तमानपत्र, त्याच्या आत लॅमिनेट केलेली पदवी. एका वर्षात पदवी, अभ्यास नाही, परीक्षा नाही, असा विजेच्या खांबावर लावलेला बोर्ड बघून त्यानं घेतलेली. त्याला एवढंच विचारायचं होतं की यातली क्रेडिट आमच्याकडं जमा होतील का. मी कागद उजेडात धरला आणि तोंडावर सांगितलं, "काका, हा कागद आहे. पदवी नाही." तो म्हणाला, "जरा नीट बघा ना मॅडम." मी परत बघितलं आणि परत तेच सांगितलं. तो बराच वेळ बाकावर बसून राहिला. सर म्हणाले, जरा गोडीनं सांगायचं होतं. मी म्हटलं, खोटं गोडीनं सांगितल्यामुळंच तो इथं आलाय. त्या काळात मला स्वतःच्या खरेपणाचा फार अभिमान होता.

वाळूजचा प्रकाश असाच आलेला. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत कंत्राटी कामगार, पहिल्या पाळीच्या बसमध्ये मोबाईलवर व्याख्यानं ऐकायचा. एके दिवशी छाती फुगवून हजर. "मॅडम, सगळे व्हिडिओ बघितले. डिग्री कुठाय?"

"परीक्षा दिलीस?"

"कसली परीक्षा?"

तर ही गंमत होती. पोर्टलवर अभ्यासक्रमाला नाव घालणं वेगळं आणि परीक्षेला नाव घालणं वेगळं. ते दुसरं नाव घालायची खिडकी थोडेच दिवस उघडते आणि एकदा बंद झाली की पुढच्या सत्रापर्यंत उघडत नाही. प्रकाशचं ते सत्र वाया गेलं. त्यानं बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि परत येऊन म्हणाला, "पुढच्या टायमाला तुम्हीच भरा मॅडम. आपल्याला ह्यातलं काय कळत नाय."

त्याच दिवशी मी ठरवलं की इथून पुढं यांचं सगळं आपणच करायचं.

आता नंबराचं सांगते. पोर्टलवर खातं उघडायला मोबाईल नंबर लागतो, त्यावर ओटीपी येतो, पुढच्या सूचनाही त्यावरच. आणि आमच्या लोकांचे नंबर म्हणजे दिव्य प्रकार. कंपनीतली मुलं रिचार्जच्या स्कीमप्रमाणं सिम बदलायची. बायकांचा फोन नवऱ्याकडं आणि नवरा दिवसभर बाहेर. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं. तेवढ्यात कुठं गाठायचं त्याला? म्हणून मी माझाच नंबर टाकू लागले. ईमेल प्रत्येकाचा वेगळा काढायची, मोबाईल मात्र सगळ्यांचा एकच, माझा. पासवर्ड एका लांबट वहीत. सर एकदा म्हणाले, "कुलकर्णीबाई, हे बरोबर नाही. उद्या काही झालं तर तुमच्या गळ्यात येईल." मी म्हटलं, "सर, तुमच्या नियमानं गेलो तर एकाचीही डिग्री व्हायची नाही." ते फायलीकडं वळले. मला वाटलं, जिंकले.

भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, भाचीच्या साखरपुड्यात माझा फोन टिंगटिंग वाजायचा आणि मी चष्मा नाकावर ओढून आकडे वाचून दाखवायची. नणंद म्हणायची, वहिनी मंत्रालय चालवतात. मी वरवर वैतागायची, पण आतून सुखावायची. हे आता कबूल करायला काही वाटत नाही.

नसीम आली ती याच काळात. फर्दापूरची अंगणवाडी सेविका. निळ्या काठाची गणवेशाची साडी, डोक्यावर पदर, हातात सिल्लोडच्या कॉलेजच्या दोन मार्कलिस्टा. बीएची दोन वर्षं पास, तिसऱ्या वर्षी लग्न. नवरा अय्युबभाई लेण्यांच्या फाट्यावर पर्यटकांना रंगीत दगड आणि माळा विकायचे. अठरा वर्षं ती एकाच खोलीत गावची पोरं सांभाळत होती. त्यांची वजनं, त्यांची खिचडी, त्यांच्या आयांची नाटकं, सगळं.

"मॅडम, मला सुपरवायझर व्हायचंय," ती बसायच्या आधीच म्हणाली. पर्यवेक्षिका होण्यासाठी सेविकांना संधी होती, पण पदवी हातात हवी आणि वयाची अट. भरती येणार असं कानावर होतं. पुढच्या वर्षी तिचं वय त्या अटीच्या बाहेर जाणार होतं. "एकच साल हाय माझ्याकडं. व्हईल का?"

मी मार्कलिस्टा बघितल्या, हिशोब मांडला. दोन वर्षं धरली जात होती. तिसऱ्या वर्षाचे पेपर आमच्याकडून, आणि दर रविवारी शंभर किलोमीटर यायला नको म्हणून शेवटची क्रेडिट ऑनलाइन. यादीत बालविकास आणि पोषण असा अभ्यासक्रम होता. मी हसले. "अगं, हा तर तूच शिकवशील."

"व्हईल मग?"

"होईल. तू फक्त शीक. बाकीचं मी बघते."

"नंबर किसका डालूं? ह्यांचा फोन दिवसभर लेण्यांकडं राहतो."

"माझा टाक," मी म्हटलं.

तिसऱ्या वर्षाचे पेपर ती एका फटक्यात पास झाली. ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू झाल्यावर रात्रीची जेवणं आटोपून नवऱ्याच्या फोनवर व्याख्यानं बघायची. "या वयात शाळा" म्हणून नाक मुरडणारी सासू आठवड्याभरात शेजारी येऊन बसू लागली. नसीम मला फोनवर सांगायची, "मॅडम, ती व्हिडिओतली बाई म्हणती, मूल रडलं की त्याच्या डोळ्यात बघून शांतपणे बोलावं. बत्तीस पोरं एकदम रडायला लागली तर कुणाच्या डोळ्यात बघावं ते सांगतच नाय." मी हसून हसून बेजार. तिनं सगळे गृहपाठ वेळेत दिले आणि तिचे गुण बघून मीच चार लोकांना सांगितलं.

त्याच सत्रात प्रकाशलाही काही क्रेडिट कमी पडत होती. त्यानं यादी वरून खाली वाचली आणि बालविकासावर बोट ठेवलं. "हे बरंय मॅडम, ह्यात गणित नाय. आन् घरात पोरगी पन हाय दोन वर्षांची." अशा रीतीनं एकाच अभ्यासक्रमाला माझ्या नंबरावर दोन जण झाले.

आणि मग तो मेसेज आला. मी स्वयंपाकघरात होते. कुकर लावलेला, हाताला कणीक. टिंग झालं, लगेच परत टिंग झालं. हात धुऊन बघितलं. "प्रिय विद्यार्थी, आपण प्रवेश घेतलेल्या अभ्यासक्रमाची परीक्षा नोंदणी सुरू झाली आहे." खाली अभ्यासक्रमाचं नाव, बालविकास आणि पोषण. अंतिम तारीख. विद्यार्थ्याचं नाव कुठंच नाही. दुसरा मेसेजही तोच, काना-मात्रेचा फरक नाही. मी मनाशी म्हटलं, आलाच दोनदा. या पोर्टलला दोनदा ओरडायची सवयच होती. एक ठेवला, दुसरा पुसला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात वही उघडली, बालविकास शोधलं, प्रकाश जुना म्हणून वरच त्याचं नाव दिसलं. त्याचा परीक्षेचा अर्ज भरला, नावापुढं बरोबरची खूण केली, वही मिटली. तेवढ्यात कुणीतरी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आलं.

एवढंच घडलं. याहून मोठं काही घडलं असतं, मी आजारी पडले असते, फोन हरवला असता, तर सांगायला तरी काही राहिलं असतं.

पुढं प्रवेशपत्रांचे दिवस आले. प्रकाशचं प्रवेशपत्र आल्याचा मेसेज आला. एकच आला. मी दुसऱ्याची वाट बघत बसले. संध्याकाळपर्यंत आला नाही तेव्हा नसीमच्या खात्यात शिरले. परीक्षा नोंदणी या शब्दांपुढं लाल अक्षरात लिहिलं होतं, "नाही". त्या क्षणी मला कणीक लागलेले स्वतःचे हात दिसले आणि सगळं उमगलं.

चार दिवस मी जे जे करता येईल ते केलं. मदतकक्षाला फोन लावले, पलीकडची मुलगी प्रत्येक वेळी तितक्याच नम्रपणे सांगायची, "खिडकी बंद झाली आहे मॅडम." ईमेल पाठवले. सरांच्या पाया पडायची वेळ आली. त्यांनी ओळखीच्या माणसाला गाठलं, पण तोही काही करू शकला नाही. सरांनी मला "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. भरतीची जाहिरात याच दरम्यान आली. अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत पदवी हातात हवी होती, आणि या सत्रात परीक्षा झाली असती तर ती तोवर आलीही असती.

पाचव्या दिवशी नसीम स्वतःच आली. पहाटेच्या एसटीनं, प्रवेशपत्राची प्रिंट घ्यायला. बरोबर सासूनं दिलेलं ज्वारीचं पीठ. "अम्मींनी दिलंय. म्हनल्या, मॅडमला द्यायचं, त्यांच्यामुळं तू शिकतीस."

मी तिला बसवलं. पाणी दिलं. म्हटलं, "नसीम, परीक्षेला तुझं नाव आलेलं नाही."

ती हसली. मी थट्टा करते असं तिला वाटलं. मग माझ्या तोंडाकडं बघून तिचं हसू थांबलं. "काय झालं मॅडम? फॉर्म तं तुम्ही भरला ना?"

आणि मी म्हणाले, "सर्व्हरचा घोळ झाला."

हे शब्द मी ठरवून उच्चारले नव्हते. आमच्या खोलीत ते इतक्यांदा बोलले जायचे की जिभेवरच बसलेले असत. निकाल लागत नाही, सर्व्हर. पुस्तकं आली नाहीत, सर्व्हर. सर जेवायला गेलेत, तरी सर्व्हर. ती विश्वास ठेवणार नाही असं मला वाटलं. पण तिनं लगेच ठेवला. "रेशनला पन असंच करतंय ते," ती म्हणाली. "अंगठा घेत नाय, माणसं परत पाठवतंय. आमच्या पोषणाच्या ॲपला पन." मग पदर तोंडावर घेऊन रडू लागली. रडता रडता म्हणाली, "तुम्ही तरी काय करनार? तुम्ही तं लई केलं."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, शेजारच्या टेबलावर दोन मुली अर्ज भरत बसल्या होत्या आणि मी कुलकर्णी मॅडम होते. एका रखवालदाराला कागद उजेडात धरून खरं सांगणारी मी, तिला काही सांगू शकले नाही. मी भ्याले, याला दुसरा शब्द नाही. ती पीठ ठेवून गेली. आम्ही ते संपवलं. टाकवेना आणि खाववेना अशा अवस्थेत भाकऱ्या केल्या आणि नवऱ्याला वाढल्या.

प्रकाश पास झाला. पेढे घेऊन आला, पुढं कंपनीत कायमही झाला. त्याच्या आनंदात मी सामील झाले, पण त्याच्याकडं नीट बघू शकले नाही. सहा महिन्यांनी नसीमनं परीक्षा दिली. त्या वेळी मी तिचा अर्ज तीन वेळा तपासला आणि प्रिंट काढून तिच्या हातात दिली. ती चांगल्या गुणांनी पास झाली, पदवी आली. तोवर भरती होऊन गेली होती आणि तिचं वयही उलटलं होतं. मी स्वतःला समजावायची, की त्या भरतीची स्पर्धा परीक्षा तरी ती पास झाली असती कशावरून? हा प्रश्न मला फार उपयोगी पडायचा. पण त्याचं उत्तर मला माहीत होतं, मी तिचे गुण बघितले होते.

तरीही दर ईदेला तिचा फोन यायचा. "मॅडम, सर्व्हरनं मारलं, पन तुम्ही डिग्री करून दिली." म्हणून ते सिमकार्ड कापलं. नवा नंबर मी तिला दिला नाही.

गेल्या हिवाळ्यात लेक आणि जावई पुण्याहून आले, लेणी बघायची म्हणाले. माझे गुडघे चढाला साथ देत नाहीत. ते फाट्यावरून लेण्यांच्या बसमध्ये बसले आणि मी फर्दापूरला थांबले. चहावाल्याला विचारलं, अंगणवाडी कुठंय? विचारेपर्यंत आपण जाणार आहोत हे मलाही ठाऊक नव्हतं.

एक खोली, बाहेर पत्र्याची पडवी, भिंतीवर फळांची चित्रं. नसीम मला बघून धावत आली. केस पांढरे झालेले. खुर्ची दिली, माझा हात हातात घेऊन बसली. "फोन लागत नाय तुमचा. मला वाटलं, बरंवाईट झालं का काय."

तेवढ्यात एक स्कूटी थांबली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, पाठीला सॅक. नवीन पर्यवेक्षिका. नसीम चटकन उठून उभी राहिली. मुलगी वाईट नव्हती. माझ्याकडं बघून हसली, पोरांना नावानं हाका मारल्या. मग रजिस्टर उघडून म्हणाली, "नसीमताई, वजनांच्या नोंदी आजच्या आज भरा हं. आणि हा रकाना असा नाही भरायचा, मागच्या वेळी सांगितलं होतं ना?"

"व्हय मॅडम," नसीम म्हणाली.

ती मला ज्या आवाजात मॅडम म्हणायची, त्याच आवाजात. मुलगी पंधरा मिनिटांत गेली. नसीम परत खाली बसली आणि रजिस्टर मांडीवर घेऊन चुकलेला रकाना खोडू लागली. मला ते बघवेना.

"नसीम," मी म्हटलं, "सर्व्हरचं काहीही झालेलं नव्हतं."

मी सगळं सांगितलं. दोन मेसेज, कणकेचे हात, पुसलेला दुसरा, वही. प्रकाशचंही सांगितलं. पेन तिच्या हातात तसंच राहिलं. पोरं पडवीत ताटल्या वाजवत होती.

"पुसला तो माझा व्हता?" तिनं विचारलं.

"हो."

"कशावरून? दोन्ही सारखे व्हते म्हनता. ठेवला तो पन माझा असंल."

हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी पुसलेल्या मेसेजला तिचंच नाव देऊन बसले होते. "वहीत त्याचं नाव वर होतं," मी म्हटलं. "म्हणून त्याचा भरला."

"एवढंच?"

"एवढंच."

ती रडली नाही, चिडलीही नाही. मी दोन्हीसाठी तयार होऊन बसले होते. माफी मागितली, ती तिनं ऐकून घेतली. मग ती खाली बघत म्हणाली, "मला हे नसतं सांगितलं तं बरं झालं असतं मॅडम. ती पोरगी येऊन गेली ना, की मी त्या सर्व्हरला मनातल्या मनात शिव्या देते. लई घाण घाण. मग जीव हलका व्हतो, रात्री झोप लागती." तिनं पेनाला टोपण लावलं. "आता तुम्हाला कशा देऊ?"

पडवीत एका पोरानं दुसऱ्याची ताटली ओढली आणि दोघंही भोकाड पसरून रडू लागली. नसीमनं रजिस्टर मिटलं, पदर खोचला आणि उठली. रडणाऱ्या पोराला एका हातानं कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं सगळ्यांना खिचडी वाढत राहिली. मी खुर्चीतच होते. लेण्यांवरून लेकीचा फोन येईपर्यंत तासभर होते. नसीमनं मला थांबा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, आणि निघताना माझा नवा नंबरही मागितला नाही.